टाँग टेस्टर हातात घेताना

बाळा, टाँग टेस्टरने करंट मोजायला वायर सोलावी लागत नाही की मेन बंद करावा लागत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नकोस. बोर्डाचं झाकण उघडलं की आत सप्लाय चालूच असतो. हात कोरडे, पायात रबरी तळव्याचे बूट. मीटरच्या सीलला बोट लावायचं नाही.

जबड्यात एकच वायर घे. गिझरची अख्खी केबल पकडलीस तर आकडा शून्य येईल, कारण जितका करंट जातो तितकाच परत येतो आणि दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. एकटी फेज पकड. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टला पावणेनऊच्या आसपास अँपिअर ओढतो. साडेसहाच दिसले तर कॉइलला दोष देण्याआधी व्होल्टेज तपास. जबड्याच्या तोंडावर धूळ असेल, नीट मिटत नसेल, तरी आकडा कमीच येतो.

मला मात्र तो शून्यच जास्त मोलाचा वाटतो. फेज आणि न्यूट्रल मुद्दाम एकत्र पकड. शून्य आलं नाही, तर थोडा करंट अर्थमधून किंवा ओल्या भिंतीतून परस्पर निघून चाललाय. आंघोळीला बसलेल्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो, म्हणून गिझरला ही तपासणी चुकवू नकोस. अशी गळती झाली की सप्लाय तोडणारा घरातला आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो. इतका बारीक करंट साध्या टाँग टेस्टरला कळत नाही, लीकेजचा वेगळा घे. आकडा दिसला म्हणून लगेच गिझर बदलायलाही सांगू नकोस. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. बाकीचे एमसीबी एकेक करून पाड. त्याने आकडा हलला तर घोळ न्यूट्रलचा.

चार्जरसारखा लहान लोड असेल तर सुट्या फेजचे दहा वेढे जबड्यातून घे आणि आकड्याला दहाने भाग. सोलर पॅनेलकडच्या डीसी वायरवर एसीचा टाँग टेस्टर चालत नाही, डीसी मोजणाराच लागतो.

बोर्डात करंट मोजायला कायमची सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवलीस तर लोड चालू असताना तिच्या बारीक तारा सोडू नकोस. उघड्या टोकांवर मोठं व्होल्टेज उभं राहतं. काही सीटींमध्ये आतच बंदोबस्त असतो, तरी आधी सीटी वायरवरून उतरव, मग तारा.

आणि फ्रिजचे अँपिअर 230 ने गुणून गिऱ्हाइकाला बिल सांगू नकोस. मोटरचा पॉवर फॅक्टर एकापेक्षा कमी असतो. तुझा हिशेब फुगेल आणि त्याला वाटेल मीटर चुकतोय.