लायसन्स कायमचं, चावी त्यांच्याकडे

भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवार-रविवार आमच्या मशीन चालू असतात. आम्ही वापरतो त्या कॅड सॉफ्टवेअरचा सपोर्ट नेमका शनिवार-रविवार बंद. सॉफ्टवेअर घेताना ही गोष्ट विचारायचं मला सुचलं नव्हतं. ती कळली एका शनिवारी सकाळी. डिझाइनच्या पीसीची डिस्क गेली होती.

मी प्लास्टिक मोल्डचं डिझाइन करते, छोटी टूलरूम आहे. कर्ज काढून पर्पेच्युअल लायसन्स घेतलं होतं. पर्पेच्युअल म्हणजे कायमचं, असं डीलरनं सांगितलं होतं आणि बिलावरही तोच शब्द होता. काही वर्षांनी कंपनीनं कायमची लायसन्सं विकणं थांबवलं आणि सगळ्यांना वार्षिक भाड्याकडे वळवलं. माझं काम जुन्या व्हर्जनवर छान चाललं होतं, म्हणून मी वार्षिक मेन्टेनन्स भरायचं सोडलं.

डिस्क बदलली. बॅकअप होता, त्यामुळे एकही फाइल गेली नाही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, सिरियल नंबर भरला, आणि पडद्यावर आलं की या व्हर्जनचं अ‍ॅक्टिव्हेशन आता उपलब्ध नाही. सोमवारी तिकिटाला उत्तर आलं: ही व्हर्जन सपोर्टमध्ये नाही. खाली लगेच, तिकीट बंद. डीलरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, कंपनीची पॉलिसी आहे. तीन वर्षांचं एकदम घेतलंत तर डिस्काउंट बघतो."

मला राग आला तो पैशांचा नाही. जुन्या व्हर्जनमध्ये सुधारणा करा, असं मी मागत नव्हते. मी ज्याचे पैसे भरले होते ते मला नव्या डिस्कवर चालवायचं होतं, एवढंच. कंपनीला अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद करायचा असेल तर त्याआधी जुन्या ग्राहकांना सर्व्हरशिवाय चालणारी शेवटची चावी द्यावी. ती न देता बिलावर 'कायमचं' लिहिणं ही फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारच्या गाळ्यातल्या एकानं क्रॅक कॉपी देऊ केली. मी नको म्हटलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आपल्यावर अन्याय झाला म्हणून तो धोका कमी होत नाही. एक वर्षाचं भाडं भरलं.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. एका ग्राहकाला दुचाकीच्या स्विच कव्हरमध्ये एक रिब जाड करून हवी होती. पार्ट एबीएसचा, लांबी १२० मिलिमीटर, मोल्ड जुना. नव्या व्हर्जनमध्ये फाइल उघडली आणि फीचर ट्रीमध्ये खालपर्यंत लाल खुणा. दोन फिलेट पडल्या होत्या. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. फिलेट कुठल्या कडेवर द्यायची ते सॉफ्टवेअर त्या कडेच्या अंतर्गत नावावरून लक्षात ठेवतं. व्हर्जन बदलली आणि आकाराचं गणित करणारी पद्धत बदलली की हे नाव कधीकधी जुळत नाही. मग ते फीचर पडतं आणि त्याच्यावर बेतलेली पुढचीही पडतात.

मी कडा पुन्हा निवडल्या, फिलेट बसवल्या, लाल खुणा गेल्या. पण ट्रीच्या अगदी तळाशी श्रिंकेजसाठी दिलेलं १.००५ चं स्केल होतं. ते दुरुस्त न होता बंदच राहिलं, राखाडी रंगात. घाईत माझं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याच मॉडेलवरून इलेक्ट्रोडचं ड्रॉइंग खाली गेलं.

दुपारी टूलरूममधल्या काकांचा फोन आला. "ताई, जरा खाली या. कॉपर लांबीला कमी भरतोय." त्यांनी जुना इलेक्ट्रोड कपाटातून काढून नव्याशेजारी ठेवला होता. स्पार्क गॅप दोन्हींना सारखाच. फरक व्हर्नियरवर ०.६ मिलिमीटर. १२० चा अर्धा टक्का. श्रिंकेज दिलंच गेलं नव्हतं. नुकसान कॉपरवर भागलं. कॅव्हिटीच्या स्टीलला तो इलेक्ट्रोड लागला असता तर वेल्डिंग करून पुन्हा काम काढावं लागलं असतं. नजरचूक माझी होती. पण व्हर्जन बदलताना एखादं फीचर आपोआप बंद पडत असेल, तर फाइल सेव्ह करण्यापूर्वी सॉफ्टवेअरनं ते ठळकपणे सांगायला हवं. हेच मी नव्या तिकिटात लिहिलं. उत्तर आलं, 'ज्ञात समस्या'. कधी सुटेल, ते नाही.

तुम्ही माझ्यासारखं छोटं दुकान चालवत असाल तर पहिली सवय ही लावून घ्या: ट्रायल ओके झाली त्याच दिवशी मूळ फाइलबरोबर स्टेप फाइल काढा, ड्रॉइंगची पीडीएफ आणि डीएक्सएफ काढा. स्टेप हे आयएसओ १०३०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. मात्र स्टेपमध्ये आकार जातो, तो कसा बनवला ते जात नाही. फीचर ट्री मिळणार नाही. म्हणून श्रिंकेज किती धरलं, मटेरियल कुठलं, ड्राफ्ट किती, व्हर्जन कुठली, हे एका कागदावर लिहून त्याच फोल्डरला लावा. माझ्याकडे असा कागद असता तर १.००५ मी आधी शोधलं असतं. आणि काढलेली स्टेप दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. फ्रीकॅड फुकट आहे, त्यात लांबी आणि घनफळ ताडून पाहता येतं. मी हे करते तेव्हा दहा मिनिटं लागतात.

नवी व्हर्जन आली की लगेच सगळी कामं तिच्यात नेऊ नका. सगळ्यात किचकट चार-पाच जुन्या मोल्डच्या प्रती काढा आणि त्या उघडून तपासा. मूळ फाइलवर सेव्ह करू नका. नव्यात सेव्ह झालेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये बहुतेक वेळा उघडत नाही.

तिकीट टाकताना पूर्ण मोल्ड पाठवू नका. बिघडणारं एवढंसं मॉडेल वेगळं करा, बिल्ड नंबर द्या, काय केल्यावर काय झालं ते क्रमानं लिहा. माझी बंद झालेली तिकिटं पुन्हा उघडली गेली ती अशा फाइलींमुळेच. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याचा पार्ट त्याला विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका.

डीलरला चार प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नाही. पीसी बदलला तर अ‍ॅक्टिव्हेशन किती वेळा आणि कुठल्या तारखेपर्यंत मिळेल? भाडं थांबवलं तर माझ्या फाइली निदान उघडून एक्सपोर्ट करता येतील का? पुढच्या वर्षीचा दर जीएसटीसह किती? शनिवारी फोन कोण उचलेल? मी या वेळी रिन्यूअलच्या दोन महिने आधी हे पाठवलं. तीन उत्तरं आली. दुसऱ्या प्रश्नाचं अजून आलेलं नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी दोन जुने मोल्ड स्टेपमध्ये काढून ठेवते आहे.