आधी तेर, मग इटली

बायडे, काल फोनवर तू कुजबुजत होतीस, तेव्हाच ओळखलं मी, सासूबाई पलीकडच्या खोलीत आहेत. "अक्का, तिकिटं आली" एवढंच मोठ्यानं म्हणालीस. बाकीचं सगळं अशा आवाजात, की जणू घरातले दागिने घेऊन पळून चालली आहेस. अगं, स्वतःच्या पगारातून, नवऱ्याला बरोबर घेऊन चौदा दिवस नेपल्स, टस्कनी, शॅम्पेन बघायला चाललीस. चोरी कसली त्यात? सासूबाईंना खोटं सांगू नकोस, पण सगळंच सांगत बसायचीही गरज नाही. "द्राक्षाच्या बागा बघायला चाललोय" म्हण. त्यात एक अक्षर खोटं नाही. आणि घट बसायच्या आत परत येणार आहेस, हे आधी सांग. मग पुढचं त्या निम्मंच ऐकतील.

दुसरी तुझी धास्ती म्हणजे ते वाईन चाखायचे व्हिडिओ. ग्लास कुठं धरायचा, कसा फिरवायचा, नाक किती आत घालायचं! आपल्याला यातलं काही कळत नाही, तिथं हसं होईल, असं तुझ्या मनानं घेतलंय. मला सांग, येळवशीला शेतात माठातली आंबील पहिल्या घोटाला चाखून "आज जरा जास्तच आंबलीय" कोण म्हणतं? तूच ना? दोन दिवस मुरलेल्या ताकाच्या आणि ज्वारीच्या पिठाच्या आंबटपणातला फरक तुझ्या जिभेला कळतो. वाईनवाले ज्याला टॅनिन म्हणून मान देतात ना, त्याला आपण तुरट म्हणतो. जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते, तेच ते. जांभूळ, आवळा, हिरडा यांवर वाढलेल्या बाईला तुरटपणा कुणी शिकवायला नको.

बागेत गेलीस की मात्र डोळे उघडे ठेव. सप्टेंबरात त्यांच्याकडं तोडणी चालू असेल, आणि इकडं आमची गोडी छाटणीची तयारी. आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता गोडी. त्यांची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, म्हणून एकदाच छाटतात. घड बघून तुला हसू येईल. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आपण मणी लांबावा म्हणून घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) पाण्यात बुडवतो; तसला माल आपल्याकडचा व्यापारी हातात धरणार नाही. पण एक मणी तोंडात टाक आणि सावकाश चाव. तांबड्या वाईनचा रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीतूनच येतो, मग साल जाड हवी की नको?

आणि खुंट बघ, खुंट! आमची बाग डॉगरिजवर कलम केलेली, खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसते म्हणून. हा खुंट मुळात अमेरिकेतला. फ्रान्समध्ये 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं शोषणारी कीड अमेरिकेतूनच पोचली, बागाच्या बागा वाळल्या. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा. म्हणजे वर वेल कुणाचीही असो, आपली आणि त्यांची मुळं एकाच मुलखातली. तिथल्या शेतकऱ्याला हे विचार. दुभाष्याची वाट न बघता तो बोलायला लागेल. शेतकऱ्याला पिकावरून विचारलं की कुठलाही शेतकरी बोलतोच.

आता माझी फजिती ऐक. कुणाला सांगितलेली नाही. मागं मी तिकडं गेले होते, तेव्हा एका मळ्यात पाच ग्लास पुढं मांडले, प्रत्येकात दोन-दोन घोट. शेजारी एक भांडं ठेवलं होतं. मला वाटलं हात धुवायला असेल. ताटात वाढलेलं टाकू नये, ही आईची शिकवण. मी सगळं संपवलं, वर तुझ्या दाजींच्या ग्लासातलंही. दुपारभर बसमध्ये घोरत होते, डोंगरावरचं जुनं गाव बघायचं राहिलं ते राहिलंच. ते भांडं थुंकायला असतं, बायडे. चव घ्यायची आणि थुंकायचं, त्यात अपमान कुणाचाच नाही. पानाच्या पिचकाऱ्या मारणाऱ्यांच्या मुलखातल्या आपण, आपल्याला हे जमू नये? मधेमधे पाणी, सोबत पावाचा तुकडा. आणि नको वाटलं तर ग्लासावर हात ठेवायचा, बस.

जेवणाचं थोडक्यात सांगते. फ्रान्समध्ये दुपारी दोननंतर खानावळीत कुणी उभं करत नाही. इटलीत रात्रीचं जेवण आठच्या पुढं. मटण आपण खातो, उस्मानाबादी शेळीच्या गावच्या आपण, पण 'मांझो' आणि 'बफ' हे शब्द पाठ कर. ते मोठ्याचं. 'वितेल्लो' म्हणजे वासराचं. आणि पाव्हण्यांचा गुरुवार असेल तर पार्मेजानोसुद्धा नको. ते चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. मला हे फार उशिरा कळलं.

तिकडच्या लोकांना द्यायला कुंथलगिरीचा पेढा नेणार म्हणालीस. नेऊ नकोस. बाहेरच्या देशातले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपात नेऊ देत नाहीत. शेंगाची चटणी ने, कडक भाकरी ने. पेढ्याचं तोंडी सांग. शॅम्पेन जशी त्या एकाच मुलखातली, तसं कुंथलगिरीच्या खव्यालाही भौगोलिक मानांकन आहे म्हणावं.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. इटलीला जायच्या आधी तू तेरला ये. गोरोबाकाकांचं गाव एवढंच आपण लहानपणी धरून बसलो. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली बंदरांची एक वही आहे, 'पेरिप्लस'. तीत पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं 'तगर' येतं. तेच आपलं तेर. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. आणि भडोचला जहाजातून काय उतरे, त्या यादीत पहिलं नाव वाईनचं, त्यातही इटलीच्या वाईनला पसंती! तू जी बाटली बघून बिचकतेस, तिच्या बदल्यात आपल्या मागावरचं कापड कधी गेलं नसेल कशावरून?

तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशीच एक 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. ते गाव ज्वालामुखीनं गाडलं इसवी सन 79 मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडं पोचलेली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. दोघींची घडण इतकी जवळची, की अभ्यासक एकीचं नाव घेतलं की दुसरीचं घेतात. तू नेपल्सला उतरणारच आहेस. आधी इथली बघून जा. नीट बघ, दागिने, उभं राहणं, सगळं. मग तिकडची.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. गोरोबाकाकांचं दर्शन, मग संग्रहालय, मग घरी. येळवशीची भज्जी व्हायची नाही आत्ता, ओला हरभरा कुठला मिळायला. पण आंबील घालून ठेवते. तुझ्या त्या व्हिडिओतल्यासारखी काचेच्या ग्लासात ओतू, फिरवू, नाक घालू आणि मग सांग मला काय काय लागतंय जिभेला.