स्वस्तातला डॅक घेताय? आधी हेडफोन आउटपुट तपासा

आपल्या बीड जिल्ह्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. कीर्तनाचं रेकॉर्डिंग-एडिटिंग करून देणं हा एका टेबलावर सुरू होणारा धंदा आहे. त्यात हमखास प्रश्न येतो: "सर, डॅक कोणता घेऊ?" डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी डबी.

खोक्यावर '32 बिट, 384 किलोहर्ट्झ' मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्याला भुलू नका. सीडी 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झची असते आणि माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. खरा फरक पडतो हेडफोन आउटपुटमध्ये. चार गोष्टी बघा.

1. ताकद, पण किती ओहमला?
नुसतं '125 मिलिवॅट' वाचून उपयोग नाही. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे पॉवर. 2 व्होल्टला 32 ओहमच्या हेडफोनला 125 मिलिवॅट मिळतात, 300 ओहमला फक्त 13. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम50एक्स 38 ओहमचा आहे, सेनहायजर एचडी 600 हा 300 ओहमचा. म्हणून दुकानात जाताना स्वतःचा हेडफोन सोबत न्या.

2. आउटपुट इम्पिडन्स
हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. 32 ओहमचा हेडफोन असेल तर 4 ओहमच्या आत. जास्त असेल तर बऱ्याच हेडफोनवर बेस उगाच फुगतो. मग तुम्ही एडिटिंगमध्ये बेस कमी करता आणि मंदिराच्या स्पीकरवर पखवाज पोकळ वाजतो. गिऱ्हाईक डॅकला नाही, तुम्हाला नाव ठेवतं!

कंपनीने आकडा दिला नसेल तर घरी मोजा. 100 हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा. हेडफोन काढून जॅकवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघा. मग 33 ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा बघा. 1 व्होल्टचं 0.97 झालं तर इम्पिडन्स जेमतेम 1 ओहम, उत्तम. अर्धं झालं तर 33 ओहम, माल परत.

3. शांतता
काही वाजत नाही याची खात्री करा, आवाज पूर्ण वाढवा, मग हेडफोन कानाला लावा. 'स्स्स' येतंय का? घुर्रर्र येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर आधी अर्थिंग तपासा, दोष डॅकचा असेलच असं नाही.

4. डावा-उजवा
बटण अगदी कमी आवाजावर आणा. एक कान आधी बंद पडत असेल तर रात्री हळू आवाजात काम करताना त्रास होणार.

दोन डॅकची तुलना करताना दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने सारखा करून घ्या. जरा मोठा वाजणारा नेहमी भारीच वाटतो, आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं.

आता हिशोब. समजा डॅक 6,000 रुपयांचा आणि एका कामात 500 रुपये सुटतात, तर 12 कामांत पैसे वसूल. या चार तपासण्यांत पास होत असेल तर त्याहून महाग घ्यायची घाई करू नका. उरलेला पैसा चांगल्या माइकला लावा. आणि पक्कं बिल व बदलून देण्याची मुदत लिहून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.

आजचा गृहपाठ: तुमच्या हेडफोनचे ओहम शोधा, त्याला 8 ने भागा आणि तो आकडा वहीत लिहा. खरेदीला निघताना ती वही खिशात असू द्या.