रिकामा सेल आणि शून्य : सर्वेक्षणाच्या तक्त्याची मॅक्रोद्वारे तपासणी

प्रास्ताविक

शून्य प्रत्ययाची संकल्पना आपण यापूर्वी अभ्यासली आहे. ‘एक लाडू’ आणि ‘दहा लाडू’ यांत अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही. तरीही तेथे अनेकवचन नाही, असे आपण म्हणत नाही. न दिसणे आणि नसणे या भिन्न गोष्टी आहेत. बोलीच्या सर्वेक्षणातील माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरताना व तपासतानाही हाच विवेक आवश्यक ठरतो.

1. रिकाम्या सेलचा अर्थ

समजा, पाच गावांतील ध्वनिमुद्रणांत एक शब्द किती वेळा आला, हे आपण नोंदवत आहात. चार गावांचे आकडे 12, 8, 0 आणि 4 आहेत. पाचव्या गावाचे मुद्रण ऐकायचे राहिले आहे, म्हणून तो सेल रिकामा आहे. चार गावांची सरासरी 6 येते. रिकाम्या सेलला शून्य मानल्यास ती 4.8 होते. ‘0’ म्हणजे ऐकले, पण शब्द आढळला नाही. रिकामा सेल म्हणजे ऐकलेच नाही. या दोहोंची गल्लत केल्यास, ज्यांचे बोलणे आपण ऐकलेच नाही त्यांच्या बोलीत तो शब्द नाही, असा निर्णय आपण देऊन बसतो.

2. तपासणीच्या पद्धती

एक्सेलचे मॅक्रो व्हीबीए या भाषेत लिहितात. पुढील आज्ञांची नावे प्रत्यक्ष मॅक्रोत रोमन लिपीत टंकित करावीत.

(अ) शून्याशी तुलना : रिकाम्या सेलचे मूल्य शून्याशी ताडल्यास व्हीबीए ‘सत्य’ असेच उत्तर देते. म्हणून सेल रिकामा आहे का, हे आधी तपासावे. शून्याची तपासणी नंतर करावी.

(आ) ‘इजएम्प्टी’ : सेलमध्ये काहीही नसेल तरच ही आज्ञा ‘सत्य’ सांगते. सूत्र असलेला सेल कोरा दिसत असला, तरी उत्तर ‘असत्य’ येते. ही आज्ञा एकेका सेलसाठी वापरावी. संपूर्ण स्तंभ रिकामा आहे का, हे पाहण्यासाठी ‘काउंटए’ वापरावे. उत्तर 0 आल्यास स्तंभ रिकामा समजावा.

(इ) ‘ट्रिम’ व ‘लेन’ : ‘ट्रिम’ने कडेच्या मोकळ्या जागा काढून ‘लेन’ने लांबी मोजावी. लांबी 0 आल्यास सेलमध्ये वाचण्याजोगे काही नाही. मात्र सेलमध्ये त्रुटिमूल्य असल्यास मॅक्रो थांबतो. म्हणून ‘इजएरर’ ही तपासणी आधी करावी.

(ई) अदृश्य वर्ण : ‘दऱ्या’सारखे शब्द टंकित करताना काही कळफलकांवर शून्य रुंदीचा जोडवर्ण वापरावा लागतो. त्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत 8205 आहे. तो चुकून सेलमध्ये राहिल्यास सेल कोरा दिसतो, पण लांबी 1 भरते. ‘ट्रिम’ त्याला काढत नाही. त्यासाठी ‘रिप्लेस’ वापरावे. ही दुरुस्ती केवळ तपासणीपुरती करावी. मूळ नोंदीतील जोडवर्ण काढू नये.

3. नोंदीची शिस्त

रिकामा सेल सापडल्यावर मॅक्रोने तेथे शून्य भरू नये. सेल रंगवून तो संशोधकाच्या नजरेस आणावा. संशोधकाने ‘विचारले नाही’, ‘उत्तर मिळाले नाही’ किंवा ‘शब्द आढळला नाही’ यांपैकी योग्य नोंद करावी. सेल रिकामा का, हे यंत्र सांगू शकत नाही. ते क्षेत्रवहीतूनच कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. शून्य आणि रिकामा सेल यांतील भेद उदाहरणासह स्पष्ट करा.
2. कोरा दिसणारा सेल ‘इजएम्प्टी’च्या तपासणीत रिकामा न ठरण्याची दोन कारणे लिहा.