खाली विस्तव, वर विस्तव

स्वयंपाक हे शास्त्र आहे की कला, हा वाद जुना आहे. शास्त्र म्हणावे, तर आपल्या आया-आज्यांनी एकही पुस्तक न उघडता ते हस्तगत केले. कला म्हणावी, तर विरजण किती लावावे येथपासून पुरणाला चटका किती द्यावा येथपर्यंत सारे कार्यकारणाने बांधलेले आहे. प्रस्तुत लेखात या वादात न शिरता पाकक्रियेच्या एकाच अंगाचा, म्हणजे भट्टीत भाजून करावयाच्या पदार्थांचा, विचार करावयाचा आहे. केक, बिस्किटे, पाव हे पदार्थ शहरी, खर्चिक आणि परके. त्यांना यंत्र लागते. ते आपल्यासारख्यांच्या घरी व्हायचे नाहीत, अशी समजूत सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावी पुष्कळ घरांत आढळते. ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहू.

भाजणे म्हणजे काय?

आपल्या चुलीवर अन्नाला उष्णता निरनिराळ्या वाटांनी मिळते. पाण्यातून किंवा वाफेतून मिळाली की आपण त्याला शिजवणे वा उकडणे म्हणतो. तेलातून मिळाली की ते तळणे. तापलेल्या लोखंडातून मिळाली की ती तव्यावरची भाकरी. चौथी वाट बंद जागेतल्या कोरड्या, तापलेल्या हवेची. पदार्थाला चहूबाजूंनी सारखी धग लागते, त्याला हलवावे लागत नाही की उलटावे लागत नाही. हेच भट्टीचे काम होय.

या वाटांत एक मोठा फरक आहे. उघड्या भांड्यातले पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्यापुढे तापत नाही. म्हणून उकडीचा मोदक कितीही वेळ ठेवला तरी पांढराच राहतो. कोरडी हवा मात्र १८० अंशांपर्यंत सहज तापवता येते. साधारण १४० अंशांच्या पुढे पिठातली प्रथिने आणि साखर यांचा वेगाने संयोग होऊन तांबूस रंग आणि खमंग वास निर्माण होतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले; तिला त्याचेच नाव आहे. भाकरीचा पापुद्रा, पावाची पाठ आणि नानकटाईची कड या तिन्हींचा खमंगपणा एकाच क्रियेचा आहे. आपल्या आजीला मेयार ठाऊक नव्हता, पण ‘खरपूस’ हा शब्द ठाऊक होता, हे येथे लक्षात घ्यावे.

आपली जुनी भट्टी

भाजण्याची विद्या परदेशातूनच आली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. विदर्भातले रोडगे आणि पानगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. खानदेशात खापरावर पुरणाचे मांडे होतात. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेले मंद आचेवर ठेवतात आणि झाकणावर निखारे पसरतात. कायस्थ प्रभूंच्या घरचे भानोळेही पूर्वी असेच होत असे. गोव्याच्या बिबिंकाची तर सारी गंमत वरच्या आचेत आहे. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांनी भाजायचा, मग दुसरा थर ओतायचा.

म्हणजे ‘खाली विस्तव, वर विस्तव’ हे तत्त्व आपल्याकडे पूर्वापार होते. मग ते गेले कोठे? माझ्या मते याचे उत्तर चुलीच्या बदलात आहे. सरपणाच्या चुलीत निखारे उरत, ते फुकट मिळत आणि झाकणावर घालता येत. गॅस आला आणि आच फक्त खालून मिळू लागली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतल्या अनेक घरांत सिलिंडर पोहोचला. धूर गेला, बायकांच्या डोळ्यांचे पाणी थांबले, ही फार मोठी गोष्ट झाली; तिच्याविरुद्ध कोणी बोलू नये. परंतु धुराबरोबर निखाराही गेला आणि निखाऱ्याबरोबर वरच्या आचेचे पदार्थही मागे पडले. आज आपण ‘नवीन’ म्हणून भट्टीचे तंत्र शिकतो, तेव्हा एका अर्थी आपलीच हरवलेली वस्तू दुसऱ्या दाराने घरात आणत असतो.

पाव परका की आपला?

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ आला. येथे त्यांना पीठ फुगवायला हवे तसे यीस्ट मिळेना, तेव्हा तेथील पाववाल्यांनी, म्हणजे पोदेरांनी, माडाची सूर वापरली. सुरेतही तेच काम करणारे सूक्ष्म जीव असतात. परक्या पदार्थाला इथल्या माडाने फुगवले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

एके काळी पाव खाल्ल्याने माणूस बाटतो असे मानीत. आज नाशिक जिल्ह्यात मिसळ मागवली आणि पाव आला नाही, तर गिऱ्हाईक उठून जाईल! वडापावाची सुरुवात १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर झाली असे मानतात. म्हणजे तो पदार्थ आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जन्मला. मिरची आणि बटाटा हेसुद्धा मूळचे अमेरिका खंडातले. तात्पर्य, ताटातले परके केव्हा आपले होते हे कळतसुद्धा नाही. त्यासाठी कोणीतरी पहिल्यांदा करून पाहावे लागते, एवढेच.

नानकटाईने तर हा मार्ग केव्हाच दाखवला आहे. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. महाराष्ट्रातल्या अनेक गावी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत बायका रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जातात आणि आपल्या जिनसांची नानकटाई भाजून आणतात. जिन्नस घरचा, भट्टी बेकरीची, मजुरी किलोवर. ज्यांच्या घरी भट्टी नाही त्यांनी काढलेली ही सोय सहकाराचा उत्तम नमुना आहे.

फुगण्याचे शास्त्र

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने एकत्र येऊन ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. फुगवणारा वायू या जाळीत अडकतो, म्हणून पाव हलका होतो. पावाचे पीठ भरपूर मळतात ते ही जाळी बळकट व्हावी म्हणून. केकचे पीठ मात्र एकदा एकजीव झाले की ढवळणे थांबवतात, नाहीतर केक चिवट होतो.

बाजरीत ग्लुटेन नसते. म्हणूनच बाजरीची भाकरी लाटत नाहीत, गरम पाण्यात मळून थापतात. या एका गोष्टीत आपल्या कोरडवाहू तालुक्याच्या स्वयंपाकाचे सारे मर्म आहे. बाजरीचा पाव का होत नाही आणि बाजरीची नानकटाई का होऊ शकते, याचा उलगडाही येथेच होतो. नानकटाईला जाळी नको असते; ती तोंडात विरघळावी लागते.

खाण्याचा सोडा आंबट पदार्थाशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. दही, ताक, लिंबू यांपैकी काहीही चालते. आंबट कमी आणि सोडा जास्त झाला, तर उरलेल्या सोड्याचा उष्णतेने धुण्याचा सोडा बनतो. साबणासारखी चव येते ती त्याचीच. बेकिंग पावडरीत सोडा आणि आम्ल दोन्ही असतात. अल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्याने ती १८४३ साली तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. मोठा शोधही घरच्या ताटाच्या अडचणीतून लागतो तो असा.

घरी भट्टी कशी करावी?

वरच्या आचेची उणीव भरून काढण्यासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. जुना, जाड बुडाचा कुकर किंवा पातेले घ्यावे. कुकर असल्यास झाकणाचे रबर आणि शिटी दोन्ही काढून ठेवावीत. हा नियम सुरक्षिततेचा आहे, तो कधीही मोडू नये. आत पाणी घालू नये. तळाशी जाड मिठाचा किंवा स्वच्छ कोरड्या वाळूचा बोटभर थर द्यावा, त्यावर एक तिवई किंवा उलटी वाटी ठेवावी. झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. वाळू उष्णता धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, त्यामुळे बूड करपत नाही. बंद झाकण तापून वरूनही धग देते. नवा कुकर मात्र वापरू नये. कोरड्या आचेने तो खराब होतो.

सुरुवातीस रव्याचा केक सोपा. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, एक वाटी दूध आणि अर्धी वाटी तूप किंवा तेल एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगला की सपाट अर्धा चहाचा चमचा सोडा आणि मिळाल्यास एक चमचा बेकिंग पावडर घालून हलक्या हाताने मिसळावे आणि लगेच तूप लावलेल्या डब्यात ओतावे. सोडा घातल्यावर थांबणे योग्य नव्हे, कारण वायू निघून जातो. डबा कुकरात ठेवून मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटे भाजावे. पहिला अर्धा तास झाकण उघडू नये. शेवटी सुरी टोचून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला.

करून पाहण्याची रीत

येथवर शास्त्र झाले. खरी अडचण निराळी आहे. सुखवस्तू घरी एखादा पदार्थ बिघडला तर हसण्यावारी नेतात. जेथे तूप मोजून येते तेथे बिघडलेला पदार्थ म्हणजे एका दिवसाचे नुकसान. पुष्कळ बायका नवे करीत नाहीत, याला नावड कारण नसते, हे धास्तीचे गणित कारण असते. म्हणून प्रयोगाची रीत गरिबाला परवडेल अशी असावी. अर्ध्या वाटीवर प्रयोग करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि जे केले ते वहीत लिहावे.

मी या रीतीने बाजरीची नानकटाई तीन प्रकारे करून पाहिली. सगळी गव्हाच्या पिठाची घेतली ती नेहमीसारखी झाली. सगळी बाजरीची घेतली तिची चव चांगली, पण उचलताना भुगा होई. निम्मी बाजरी थोडी भाजून, निम्मे गव्हाचे पीठ घेतले, तेव्हा ती धरून राहिली आणि खुसखुशीतही झाली. दीड वाटी पिठात तिन्ही प्रयोग झाले आणि काहीही वाया गेले नाही. भुग्याचे लाडू वळले. बाजरीचे पीठ मात्र ताजे दळलेले हवे, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे ते लवकर कडवट होते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या तालुक्याला हे धान्य नवे नाही, त्याचे रूप तेवढे नवे करता येईल.

प्रमाण लिहिताना एक प्रश्न आला. माझी आई शाळेत गेलेली नाही. विड्या वळून तिने आम्हांला शिकवले. तिचे माप मूठ, चिमूट आणि ‘अंदाज’. पुस्तकातले ग्रॅम तिला परके, तर तिचा अंदाज मला परका. तेव्हा मी तिची मूठभर पिठे पाच वेळा वाण्याच्या काट्यावर तोलून घेतली. फरक दोन-तीन ग्रॅमचाच निघाला. ज्या हाताने आयुष्यभर पानात तंबाखू सारखी भरली, तो हात म्हणजेच एक काटा आहे, हे त्या दिवशी वाण्यानेही मान्य केले. ज्याला आपण अडाणी अंदाज म्हणतो ते न लिहिलेले प्रमाण असते.

मराठीत हे काम पूर्वी झालेले आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरोघरी गेले, कारण त्यांनी प्रमाणे वाटी-चमच्याने दिली. वाटी सर्वांच्या घरी असते. कमलाबाईंचे स्वतःचे शिक्षण जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंतचे होते आणि स्वयंपाकाचे धडे त्यांना सासूबाईंकडून मिळाले. हाताची विद्या अक्षरात उतरली की ती किती दूर जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, भट्टीचे पदार्थ आपल्याला परके नाहीत, त्यांना महाग साधन लागत नाही आणि त्यांच्यामागचे शास्त्र बारावी कला शाखेतून आलेल्या विद्यार्थिनीलाही समजण्यासारखे आहे. परंतु मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या अनेकजणी आहेत, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेल्या त्याच पहिल्या. घरात वाचता येणारी आपण आणि करता येणारी आई, अशी ही जोडी फार काळ राहणार नाही. पुढच्या पिढीत दोघीही वाचणाऱ्या असतील. ते चांगलेच आहे. पण निखाऱ्यावरचे पदार्थ हाताने जाणणाऱ्या बायका तेव्हा नसतील.

म्हणून मैत्रिणींना आणि मित्रांनाही एक विनंती आहे. मित्रांना अशासाठी की चूल काही एकट्या मुलींची नव्हे. येत्या सुटीत घरातला एक जुना पदार्थ आई-आजीकडून मापासह लिहून घ्यावा आणि एक नवा पदार्थ त्यांना वाचून दाखवून, त्यांच्याबरोबर करून पाहावा. अर्धी वाटी पीठ आणि एक जुनी वही एवढे भांडवल त्याला पुरेसे आहे.