बाटलीवरचं नाव

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत टिटवाळ्याला घरी गेले होते. आजीच्या तळपायावर एक काळा डाग वाढत होता. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला. नेमका माझ्या सेमिनारचा विषयही मेलॅनोमाच्या सेल लाइन्स! मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. मी आजीला मोठ्या ऐटीत समजावत होते, तर तिने विचारलं, "अगं, पण त्या पेशी कोणाच्या?" मला उत्तर येईना. ते शोधलं, त्यातून हा लेख.

सेल लाइन म्हणजे काय? रुग्णाच्या गाठीतल्या पेशी काढून फ्लास्कमध्ये वाढवतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि सीरम घातलेलं मीडियम लागतं. साध्या पेशी काही वेळा विभागून थांबतात, या थांबत नाहीत. फ्लास्क भरला की थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या, अगदी विरजण लावतात तसं! उरलेल्या द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांला ठेवतात.

आपल्याकडे हे तंत्र रुजवलं डॉ. कमल रणदिवे यांनी. त्यांचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. याच गाय यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या होत्या. परत आल्यावर रणदिव्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. आज पुण्याच्या एनसीसीएसमधून देशभरच्या लॅबना सेल लाइन्स मिळतात.

मेलॅनोमाची प्रसिद्ध लाइन 'ए-३७५' ही एका ५४ वर्षांच्या बाईची. मेलॅनोमात 'बी-राफ' जनुक वारंवार बिघडलेलं असतं, हे २००२ मध्ये कळलं. तोच बिघाड ए-३७५ मध्ये आहे, म्हणून औषधं अशा पेशींवर आधी तपासता येतात. २०११ मध्ये व्हेम्युराफेनिब अमेरिकेत मंजूर झालं. पण तळपायाच्या मेलॅनोमात हा बिघाड कमी आढळतो, आणि आपल्याकडे मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावरच होतो. म्हणजे एका बाईच्या पेशींचं उत्तर सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

आणि बाटलीवरचं नावच चुकलं तर? 'एमडीए-एमबी-४३५' ही लाइन १९७० च्या दशकापासून स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली जात होती. २००० च्या सुमारास तिची जनुकं मेलॅनोमासारखी दिसली. पुढे डीएनए तपासल्यावर ती 'एम-१४' या मेलॅनोमाच्या लाइनशी जुळली. तोवर तिच्यावर कितीतरी पेपर छापून झाले होते! म्हणूनच आता काम सुरू करण्याआधी पेशींची डीएनए ओळख, म्हणजे एसटीआर तपासणी, करून घ्यावी असं सांगतात. प्रोजेक्टवाल्यांनो, ही पायरी घाईत गाळू नका.

आजीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत घालून दिला, तेव्हा डबीवरचं नाव मी दोनदा वाचलं. तिचंच होतं. हे लिहीपर्यंत रिपोर्ट आलेला नाही. आजी म्हणते, "गणपती बघेल." मी म्हटलं, गणपती बघेलच, पण लेबल आपण बघायचं.