तीनवरून थेट सोळा?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ‘कोहा’ बसवून द्यायचं आणि पुढे त्याची नवी आवृत्ती घ्या म्हणून ग्रंथपालांच्या मागे लागायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. दुसरं काम पहिल्याहून अवघड. कोहा हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथं चालू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. दर मे आणि नोव्हेंबरात नवी आवृत्ती येते, तीही फुकट. तरी घ्यायला कुणी पुढं येत नाही. त्या खटपटीत जे शिकलो ते असं:

१. आधी आकड्याची भीती घालवा. नोव्हेंबर २०१५ ची आवृत्ती ३.२२ होती आणि त्यानंतरची एकदम १६.०५. अहमदपूरकडच्या एका ग्रंथपाल मॅडमनी हात जोडले. “सर, मधल्या बारा कुठं गेल्या? आम्हाला तीनच नीट येईना अजून.” १६ म्हणजे साल आणि ०५ म्हणजे महिना, एवढंच सांगायचं होतं. मी मात्र अर्धा तास नव्या सुविधा सांगत बसलो होतो.

२. “चालू आहे ना” या वाक्याशी भांडू नका. एका कॉलेजात देवघेवीच्या खिडकीवरचे मामा म्हणाले, “चालू हाय ना सर, कशाला हात लावायलात?” मला राग आला. मग दिवसभर त्यांच्या शेजारी बसलो. परीक्षा अर्जाचे दिवस होते आणि ‘पुस्तक बाकी नाही’ असा शिक्का घ्यायला पोरांची रांग जिन्यापर्यंत गेलेली. मामा पडद्यावरचं इंग्रजी वाचतच नव्हते. डावीकडून कितवं बटण, कुठल्या कोपऱ्यात, यावर त्यांचा हात चालत होता. बटण हललं की रांग थांबणार आणि शिव्या मामांना बसणार, मला नाही. २२.११ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पडद्याचं रूप खरोखरच बदललं. तेव्हा मी जुना आणि नवा पडदा एकाच कागदावर छापला, बटणांवर लाल पेननं नंबर टाकले आणि कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला. नव्या सुविधांची यादी मी त्यांना आजवर वाचून दाखवलेली नाही.

३. बॅकअप आहे, हे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून मानू नका. तो उघडून पाहा. कोहाचा बॅकअप दोन फायलींत निघतो, एक डेटाबेसची आणि एक सेटिंगची. बहुतेक ठिकाणी रोजच्या रोज निघतोही, पण त्याच सर्व्हरच्या त्याच हार्डडिस्कवर पडून राहतो. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवल्यासारखं. मी आता माझ्या लॅपटॉपवर तो बॅकअप चढवतो, नवी आवृत्ती आधी तिथं चालवतो आणि ग्रंथपालांना म्हणतो, तुमच्याकडचं कुठलंही एक पुस्तक सांगा. त्यांचं पुस्तक त्यांच्या दाखल क्रमांकासह नव्या पडद्यावर दिसलं, की बोलणं निम्मं संपतं.

४. ही चूक माझी आहे. आवृत्ती चढवताना मशीन मध्येच विचारतं, तुम्ही बदललेली फाइल ठेवू की नवी टाकू? उदगीरच्या वाटेवरच्या एका गावात, वीज जायच्या आत उरकू म्हणून, मी न वाचता ‘नवी’ म्हटलं. ती फाइल शोधाच्या अनुक्रमणिकेची होती. देवनागरी शब्द नीट तोडून शोधता यावेत म्हणून त्यात आम्हीच आधी बदल केलेला, आणि तो पुसला गेला. पुस्तकं सगळी जागेवर, इंग्रजी शोध व्यवस्थित, पण मराठी शब्द टाकला की काही सापडेना. मराठवाड्यातल्या ग्रंथालयात! सोमवारी सकाळी विद्यार्थ्यांसमोर ते उघड झालं. बदल पुन्हा करून सगळी अनुक्रमणिका नव्यानं बांधली तेव्हा दुपार झाली होती. त्या ग्रंथपालांनी पुढची दोन वर्षं मला सर्व्हरला हात लावू दिला नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

५. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा उपयोग करा. स्वयंमूल्यमापन अहवालात ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं नाव, स्वयंचलन पूर्ण की अंशतः, कोणत्या वर्षी झालं आणि आवृत्ती कोणती, हे लिहावं लागतं. सुरक्षेच्या त्रुटी जुन्या आवृत्तीत तशाच राहतात, हे मी एका प्राचार्यांना चार वर्षं सांगत होतो. ‘आवृत्ती’च्या रकान्यापुढे ३.२२ लिहिताना त्यांचं पेन थांबलं आणि संध्याकाळी मला फोन आला. कारण चुकीचं, काम बरोबर. मला चालतं.

६. मुहूर्त पाहा. जून-जुलैत प्रवेश, मार्चमध्ये परीक्षा आणि मे महिन्यात पुस्तकांची पडताळणी असते. राहिली दिवाळीची सुट्टी. त्यातही इन्व्हर्टरची बॅटरी आधी तपासा.

७. सगळे ऐकत नाहीत. कंधार तालुक्यातल्या एका ग्रंथपालांनी मला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, माझी निवृत्ती दीड वर्षावर आली. तोवर बिघडलं तर मी निस्तरू, का तुम्ही रोज येणार?” रोज यायला मी तयार नव्हतो, म्हणून गप्प बसलो. जाताना एवढंच केलं: त्यांचा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून काढून फक्त कॉलेजच्या आतल्या जाळ्यावर ठेवला आणि बॅकअपची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांच्या कपाटात टाकली. ते निवृत्त झाले. नव्या ग्रंथपाल मॅडमनी रुजू झाल्यावर आठवडाभरात फोन केला, “सर, ही आवृत्ती फार जुनी आहे हो, कधी येता?” कपाटाची किल्ली अजून सापडलेली नाही.